बिअरच्या रिकाम्या बाटल्या आणि घरचं सायडर

घरी सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं फसफसतं पेय, करायला घेतलं. पहिल्या खेपेला मी बिअरच्या चौदा रिकाम्या बाटल्या त्याने भरल्या आणि त्यातल्या सहा मुक्या निघाल्या. उघडताना जो ‘फस्स’ आवाज यायला हवा तो आलाच नाही. आतलं सायडर चवीला वाईट नव्हतं, पण बुडबुड्यांचा पत्ता नाही, नुसतं सफरचंदाचं आंबट पाणी. बाकीच्या आठ मात्र मस्त फसफसल्या. रस एकच, डबा एकच, साखर एकच, भरणारा हातही एकच. मग ह्या सहांनाच काय झालं?

सहाही बाटल्या ओट्यावर ओळीने उभ्या केल्या आणि बघत बसले. धाकटा भाऊ मागून येऊन म्हणाला, “ताई, ह्यांची तोंडं बघ ना, आटे आहेत.” खरंच होते. सहाच्या सहा बाटल्या ओपनर न लावता हाताने पिरगाळून उघडायच्या जातीच्या. फसफसलेल्या आठांची तोंडं गुळगुळीत होती आणि ओठाखाली जाड, ठसठशीत कड होती. बाटल्या गोळा करताना मी रंग बघितला होता, आकार बघितला होता, लेबल किती देखणं आहे तेसुद्धा बघितलं होतं. तोंड बघायचं सुचलंच नाही.

बिअरच्या बाटलीवरचं ते पत्र्याचं दातेरी झाकण 1892 साली विल्यम पेंटर नावाच्या माणसाने अमेरिकेत पेटंट केलं. तेव्हा त्याला चोवीस दाते होते, आता एकवीस असतात. हवं तर एक झाकण घेऊन मोजा, मीही मोजले होते. आत पूर्वी बुचाची पातळ चकती असायची, आता मऊ प्लॅस्टिकची असते. सगळी करामत दात्यांची आहे. झाकण वरून दाबलं की दाते खाली वाकतात आणि ओठाखालच्या कडेला आवळून धरतात. त्या आवळण्याने चकती काचेवर घट्ट बसते आणि वायू आत अडकतो. आट्यांच्या बाटलीत दात्यांना धरायला तशी सलग कड नसते, आणि काचही तोंडाशी पातळ असते. कारखान्यातलं यंत्र नेमका दाब देऊन पत्रा आट्यांवर बसवतं. माझ्या हातातल्या दोन दांड्यांच्या कॅपरने, म्हणजे झाकण दाबून बसवायच्या हत्याराने, ते जमलं नाही. काहींना जमतं, असं ऐकून आहे. मला सहापैकी सहा वेळा जमलं नाही, तेव्हा मी तो नाद सोडला.

तर पहिला नियम तिथे ठरला: आटे दिसले की बाटली बाद. कितीही सुंदर असली तरी.

पुढच्या खेपेला दहा लिटर करायचं होतं, म्हणजे 330 मिलिलिटरच्या साधारण अठ्ठावीस बाटल्या लागणार. तीसच्या हिशेबात दोन बाटल्यांएवढं तळाच्या गाळात जातंच. एकटीने एवढी बिअर पिणं शक्य नव्हतं आणि इच्छाही नव्हती, म्हणून ओळखीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं. लोक उत्साहाने पिशव्या भरून आणून देऊ लागले. त्या पिशव्यांमधून काय काय निघालं ते सांगायला नको, पण सांगते. सिगारेटची थोटकं. वाळलेली लिंबाची फोड, जी आत गेली कशी हे मला आजही कळलेलं नाही. एका बाटलीत मुंगळा. आणि बहुतेक बाटल्यांत बुरशी. तळाशी राहिलेल्या चमचाभर बिअरवर आधी पांढरी साय येते, मग ती हिरवट-करडी होते, आणि पाणी आटलं की काचेला कागदासारखी घट्ट चिकटून बसते. बाटली उलटी करून हलवली तर काहीच खुळखुळत नाही, म्हणून वाटतं स्वच्छ आहे. मग उजेडाकडे धरून तोंडातून आत बघावं, तर तळाला रुपयाएवढी केसाळ चकती.

ही चकती काढायला लागतो अर्धा तास. आणि ती तयारच होऊ नये म्हणून लागतात दहा सेकंद. बाटली रिकामी झाल्या झाल्या नळाखाली तीनदा पाणी घालून खळबळून ओतली आणि उलटी ठेवली की झालं. बाटली धुण्याचं अर्धं काम ती रिकामी होते त्या मिनिटाला होत असतं, हे मी आता बाटल्या देणाऱ्या प्रत्येकाला सांगते. निम्मे लोक ऐकतात. न ऐकणाऱ्यांच्या बाटल्या वेगळ्या टबात जातात. थोटकं पडलेली बाटली तर मी सरळ काचेच्या भंगारात टाकते. तो वास कितीही धुतला तरी जातो की नाही, ह्याची खात्री करत बसण्यात मला रस नाही.

धुण्यासाठी धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. खायचा सोडा नव्हे. टबभर कोमट पाण्यात मूठभर सोडा टाकायचा, बाटल्या आडव्या बुडवायच्या, आतली हवा बुडबुड करत निघून जाईपर्यंत दाबून धरायच्या आणि रात्रभर विसरून जायच्या. हातमोजे घालावेत, नाहीतर सकाळी बोटांची कातडी सुरकुतून कोरडी पडते. सकाळी टबात लेबलं तरंगत असतात. निदान चांगल्या घरच्या बाटल्यांची तरी. ज्यांची लेबलं साध्या कागदाची आणि जुन्या धाटणीच्या खळीने चिकटवलेली असतात, ती अशी अलगद सुटतात. स्टिकरसारखी लेबलं मात्र छळतात. त्यांचा कागद निघतो आणि डिंक राहतो, तो बोटांना लागतो, बोटांवरून दुसऱ्या बाटलीला लागतो. त्यावर पाण्याचा काही उपयोग नाही. थोडं खाण्याचं तेल चोळून पंधरा मिनिटं ठेवलं की डिंक मऊ पडतो, मग भांडी घासायच्या साबणाने तेल आणि डिंक एकदमच निघून जातात. तेल फक्त बाहेरून लावायचं हे वेगळं सांगायला नको, पण भावाने एकदा बाटलीच्या तोंडाशी इतकं तेल लावलं की त्या बाटलीतल्या सायडरला फेस धरलाच नाही. तेलाचा थेंबही फेस मारतो. काही बाटल्यांवर लेबल थेट काचेवर छापलेलं असतं. ते निघत नाही, निघायची गरजही नाही.

पाण्यात क्षार जास्त असले तर सोड्याने धुतलेली काच वाळल्यावर पांढुरकी दिसते. पाण्यातलं कॅल्शियम सोड्याशी मिळून काचेवर बसतं, एवढंच. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून एकदा खळबळलं की काच पुन्हा लख्ख.

आतून ब्रश फिरवायचा तो नायलॉनच्या केसांचा. तारेचा ब्रश किंवा तारेची घासणी काचेवर ओरखडे पाडते, आणि ओरखडा म्हणजे उद्याचा तडा. हे वाक्य मी आज सहज लिहितेय. दुसऱ्या खेपेच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

दुसरी खेप. रस चांगला मिळाला होता, बाटलीमागच्या घटकांत पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट नव्हतं. ही दोन नावं वाचायची सवय लावून घ्यावी, कारण ती रस आंबवणाऱ्या यीस्टला वाढू देत नाहीत आणि मग आपण आठवडाभर न हलणाऱ्या एअरलॉककडे (डब्याच्या तोंडावरचं, आतला वायू पाण्यातून बुडबुड्यांनी बाहेर सोडणारं बूच) बघत बसतो. पाश्चराइज केलेला रस चालतो. यीस्ट टाकलं, दुसऱ्या दिवशी एअरलॉक टपटप बोलू लागला. चौथ्या दिवशी उकडलेल्या अंड्यांसारखा वास आला, घरातल्यांनी नाकं मुरडली. हा वास गंधकाचा, आंबताना येतो आणि बहुतेक वेळा आपोआप जातो. दोन आठवड्यांनी थंडी पडली आणि एअरलॉक गप्प झाला. मला वाटलं, झालं. आंबणं संपलं.

आंबणं संपलं नव्हतं. यीस्ट गारठून झोपलं होतं.

हायड्रोमीटर, म्हणजे किती साखर उरली आहे ते घनतेवरून सांगणारी तरंगती नळी, तेव्हा माझ्याकडे नव्हता. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे साखर संपली, एवढंच माझं शास्त्र. बाटल्या ह्या वेळी नीट निवडल्या होत्या, एकालाही आटे नव्हते. निर्जंतुक करायला म्हणून किटलीतलं उकळतं पाणी थेट बाटल्यांत ओतलं. दोन बाटल्यांतून ‘टिक’ असा बारीक आवाज आला, पण तडा दिसला नाही म्हणून दुर्लक्ष केलं. मग बाटलीत यीस्टने ती आंबवून फसफस करावी म्हणून अंदाजाने साखर घातली, सायडर भरलं, झाकणं दाबली, अठ्ठावीस बाटल्या खोक्यात घालून खोका झाकणाच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या क्रेटमध्ये ठेवला. का ठेवला ते आठवत नाही. बहुधा जागा नव्हती म्हणून. त्या जागेच्या टंचाईचे माझ्यावर उपकार आहेत.

हवा पुन्हा गरम झाली. नवव्या रात्री साडेअकराच्या सुमारास आतल्या खोलीत काहीतरी फुटलं. मला वाटलं ट्यूबलाइट. दिवा लावला तर ट्यूब जागेवर. क्रेटच्या झाकणाखालून फेस येत होता. मी झाकणाला हात लावणार तेवढ्यात भाऊ ओरडला, “ताई, थांब!” आणि आम्ही दोघं दाराबाहेर असताना दुसरा स्फोट झाला. ह्या वेळी काचा क्रेटच्या भिंतीवर आदळल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

रात्रभर दार बंद. सकाळी जाड जॅकेट, बागकामाचे हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल असा अवतार करून गेले. क्रेटवर ब्लँकेट टाकून झाकण उघडलं. खोक्याच्या पुठ्ठ्यात काचेच्या सुया रुतल्या होत्या, काही तर पुठ्ठा भेदून बाहेर आलेल्या. एका बाटलीचा तळ गोल चकतीसारखा सुटून शेजारच्या बाटलीला टेकून उभा होता, कडेला एकही टवका न उडता, जणू कुणी कापून काढावा. राहिलेल्या सव्वीस बाटल्या टॉवेलमध्ये एकेक गुंडाळून फ्रिजमध्ये हलवल्या. थंडीत यीस्ट मंदावतं आणि वायू द्रवात जास्त विरघळतो, त्यामुळे दाब उतरतो. दोन दिवसांनी न्हाणीघरात टॉवेलच्या आडून एकेकीचं झाकण ओपनरने किंचित उचलून वायू सोडला. ‘किंचित’ म्हणजे काय ते शिकेपर्यंत अर्धं सायडर भिंतीवर गेलं.

त्याच आठवड्यात हायड्रोमीटर आला. वाचलेल्या सायडरचा वायू हलवून हलवून काढला आणि पाण्याची घनता 1.000 धरून मोजलं: 1.006. नीट आंबलेलं सायडर 1.000 च्या आसपास येतं, कधी त्याच्याही खाली जातं. म्हणजे अजून सहा हजारांश खाली उतरायचे शिल्लक होते. सायडरमध्ये 0.001 ने घट झाली की साधारण अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो, तेव्हा ह्या बाटल्यांत आधीच कोंबलेल्या वायूच्या वर आणखी तीन व्हॉल्यूम यायचे होते.

व्हॉल्यूम म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. एक लिटर द्रवात एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तर तो एक व्हॉल्यूम. वजनात सुमारे दोन ग्रॅम. बहुतेक बिअर अडीचच्या आसपास असते. अडीच व्हॉल्यूमच्या बाटलीत 20 अंश सेल्सियसला आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण दोन बार जास्त असतो, जवळपास गाडीच्या टायरइतका. तीच बाटली 30 अंशांच्या खोलीत ठेवली तर तोच दाब तीन बारकडे सरकतो, आत काहीही नवीन आंबलेलं नसताना. साध्या बिअरच्या बाटलीत तीन व्हॉल्यूमच्या वर जाऊ नये असा घरी बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. त्याहून जास्त फसफस हवी असेल तर शॅम्पेनच्या जाड बाटल्या आहेतच, त्या पाच-सहा वातावरणांचा दाब पेलायलाच बनवलेल्या असतात.

मग ह्या दोनच का फुटल्या आणि सव्वीस का वाचल्या? माझा संशय त्या ‘टिक’ आवाजावर आहे. बाटलीची काच साधी सोडा-चुन्याची, तापमानाचा एकदम बदल तिला सोसत नाही. थंड बाटलीत उकळतं पाणी ओतलं की आतली बाजू फुगते, बाहेरची तशीच राहते, आणि डोळ्याला न दिसणारी चीर पडते. ती चीर दाबाची वाट बघत बसते. फुटलेल्या त्या दोनच ‘टिक’ म्हणणाऱ्या होत्या का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, मी खूण केली नव्हती. पण उकळतं पाणी त्या दिवसापासून बंद.

तिसऱ्या खेपेआधी एक संध्याकाळ फक्त बाटल्या निवडण्यात घालवली आणि सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेली संध्याकाळ तीच. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर, हातात टॉर्च, शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा. प्रत्येक बाटलीचं वजन केलं. सारख्याच 330 मिलिलिटरच्या बाटल्यांत एक भरली 190 ग्रॅम, दुसरी 265. हातात धरून हा फरक जाणवत नाही, डोळ्यांना तर नाहीच. हलकी बाटली एकदाच भरून फेकायला बनवलेली असते, काच वाचवायची म्हणून पातळ केलेली. जड बाटली कारखान्यात परत जाऊन धुऊन पुन्हा भरण्यासाठी असते. अशा फिरतीच्या बाटल्यांची एक खूण आहे: खांद्यावर आणि तळाजवळ दोन पांढुरके, खरखरीत पट्टे. यंत्राच्या पट्ट्यावर बाटल्या एकमेकींना घासत जातात, तिथे काच झिजते. पट्टा जितका रुंद तितक्या फेऱ्या जास्त. एका तपकिरी बाटलीवर हा पट्टा करंगळीएवढा रुंद होता. ती किती टेबलांवर जाऊन आली असेल असं म्हणत मी ती बराच वेळ हातात फिरवत बसले. शेवटी घेतली. झीज वरवरची होती, खोल ओरखडा कुठेच नव्हता.

मग तोंड. ओठाच्या कडेवरून नख फिरवायचं, बोटाचं पेर नाही, कारण टवका असेल तर पेर कापतं आणि नख अडकतं. ओपनरने उघडताना काचेचा बारीक टवका उडतो तो नेहमी कडेच्या खालच्या अंगाला, वरून दिसत नाही. असा टवका असलेली बाटली दोन कारणांनी बाद: झाकण गळतं, आणि काचेचा कण पोटात जाऊ शकतो. नंतर बाटली दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून तळाकडून टॉर्च मारायचा. आतला डाग, बुरशीची कड, अडकलेला कागद, सगळं लख्ख दिसतं. शेवटी मडकं वाजवून घेतात तशी नखाने टिचकी. तडकलेली काच बद्द वाजते. ही शेवटची परीक्षा फारशी भरवशाची नाही हे मला माहीत आहे, पण ती केल्याशिवाय चैन पडत नाही.

चाळीसमधून बत्तीस राहिल्या. रंगाचं मी मनावर घेतलं नाही. तपकिरी काच बिअरला लागते, कारण उजेडाने हॉप्समधले, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले, घटक बिघडून त्यांचा कुबट वास येतो. सायडरमध्ये हॉप्स नसतातच, म्हणून हिरवी किंवा पांढरी बाटलीही चालते. तरी उन्हात कशाला ठेवा, मी सगळ्याच कपाटात ठेवते.

बत्तीसमधल्या दोन अगदी शेवटी दगा देऊन गेल्या. झाकण बसेचना. कॅपर तिरका होतोय असं वाटून मी चारदा दाबलं. मग पट्टी लावून मोजलं तर तोंडच मोठं. नेहमीचं झाकण 26 मिलिमीटरचं, आणि ह्यांना लागतं 29 चं, शॅम्पेनच्या आणि काही युरोपीय बाटल्यांना असतं तसलं. आता निवडतानाच प्रत्येक तोंडावर एक कोरं झाकण ठेवून बघते. वापरलेलं झाकण पुन्हा लावण्याची काटकसर कुणी करू नये. ओपनरने ते मधोमध वाकतं, आणि सरळ केलेला पत्रा तसा आवळत नाही.

निर्जंतुक करण्यासाठी आता न विसळता वापरायचं आम्लाचं द्रावण घेते. त्याचा फेस बाटलीत राहतो आणि राहू द्यायचा असतो, हे पटायला मला वेळ लागला. त्याआधी एकदा क्लोरीनचं ब्लीच वापरून पाहिलं होतं. विसळण्यात कमी पडले असणार, त्या बाटल्यांतल्या सायडरला दवाखान्याच्या पट्टीचा वास आला. क्लोरीन आणि रसातली फेनॉलची संयुगं मिळून तो वास तयार होतो, आणि अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलं आम्ल कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. आणि निर्जंतुक द्रावण घाण काढत नाही. आधी बाटली स्वच्छ, मग निर्जंतुक. उलटं करून किंवा एकात उरकून चालत नाही.

तिसरा रस 1.052 वरून सुरू झाला. ह्या वेळी एअरलॉककडे बघितलंच नाही. तीन आठवड्यांनी मोजलं, 1.000. तीन दिवसांनी पुन्हा, 1.000. आणखी चार दिवसांनी, 1.000. तीन वेळा तोच आकडा आल्यावरच नळी काढली. आकडेमोडीने मद्यार्क पावणेसात टक्क्यांच्या जरा वर येतो, म्हणजे लहान बाटलीच बरी. ज्यांच्याकडे घरी असं काही बनवायला कायद्याची आडकाठी आहे त्यांनी अर्थातच आधी तो बघावा.

साखरेचा हिशेब एकदा मांडला की पाठ होतो. मला 2.5 व्हॉल्यूम हवे होते. 20 अंशांना आंबलेल्या सायडरमध्ये सुमारे 0.85 आधीच विरघळलेला असतो. उरले 1.65. एका व्हॉल्यूमला दर लिटरला चार ग्रॅम साधी साखर, म्हणजे 6.6 ग्रॅम. गाळ वगळून माझ्याकडे साडेनऊ लिटर होतं, म्हणून 63 ग्रॅम. चमच्याने नाही, काट्यावर मोजून. कपभर पाण्यात उकळून, निववून, आधी रिकाम्या स्वच्छ बादलीत ओतलं, आणि त्यावर नळीने सायडर सोडलं. नळीचं टोक तळाशी टेकवलं, म्हणजे पाक आपोआप फिरत मिसळतो आणि खळखळाट होऊन हवा मिसळत नाही. पहिल्या खेपेला मी प्रत्येक बाटलीत वेगळी चमच्याने साखर टाकली होती. एका बाटलीत दोनदा टाकली की काय होतं ह्याची कल्पना तुम्हाला आता आली असेल.

एक बाटली मात्र काचेची नव्हती. सोडावॉटरची अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली, तीही धुतलेली. ती पाऊण भरली, हाताने चेपून वरची हवा घालवली आणि चेपलेल्या अवस्थेतच झाकण पिळून बंद केली. काचेच्या बाटलीत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. ही मात्र सांगते. पहिले दोन दिवस तशीच चेपलेली, केविलवाणी. चौथ्या दिवशी पोट बाहेर आलं. आठव्या दिवशी अंगठ्याने दाबली तर दबली, तेराव्या दिवशी दगडासारखी टणक, अंगठा आत जाईना. त्याच संध्याकाळी सगळ्या काचेच्या बाटल्या गार जागी हलवल्या. सगळ्या जमातीचा दाब एका बाटलीच्या पोटावर हात ठेवून कळतो, हे मला आधी कुणी का सांगितलं नाही असं झालं.

काचेच्या बाटल्या भरताना वर अडीच-तीन सेंटिमीटर जागा सोडली. झाकण दाबल्यावर प्रत्येक झाकण बोटांनी फिरवून बघितलं. फिरलं की पुन्हा दाबायचं. मग बाटली मिनिटभर उलटी धरून टिपकागदावर ओलं उमटतं का ते पाहिलं. उघडण्याआधी रात्रभर फ्रिज. ओतताना एका दमात, आणि शेवटचं बोटभर बाटलीतच ठेवायचं, कारण तळाशी यीस्टचा पातळ थर असतो. तो प्यायला तरी काही होत नाही, पेला गढूळ होतो इतकंच.

त्या खेपेतल्या सहा बाटल्या मी मुद्दाम मागे ठेवल्या होत्या. सहा महिन्यांनी पहिली उघडली तेव्हा आंबटपणा बराच उतरला होता आणि फसफस मात्र आधीपेक्षा थोडी वाढलेली. क्षणभर दुसरी खेप आठवून पोटात गोळा आला. पण साखर तर उरली नव्हती. हा उद्योग जिवाणूंचा. सफरचंदातलं तीक्ष्ण मॅलिक आम्ल ते सौम्य लॅक्टिक आम्लात बदलतात आणि तसं करताना कार्बन डायऑक्साइड सोडतात. लिटरला पाच ग्रॅम मॅलिक आम्ल पुरतं बदललं तर सुमारे 0.8 व्हॉल्यूमची भर पडते. अडीचवर थांबले होते म्हणून ती भर बाटलीने पचवली. तीनवर भरलं असतं तर पचवली असती की नाही, सांगता येत नाही. तेव्हापासून ठेवणीतल्या बाटल्यांना मी दोन व्हॉल्यूमच धरते.

काहीजण विचारतात, गोड सायडर बाटलीत कसं ठेवायचं. साखर घालून फसफसणारं आणि गोड, दोन्ही एकदम जमत नाही, कारण यीस्ट गोड ठेवतच नाही. न आंबणारा गोडवा, एरिथ्रिटॉलसारखा, घालता येतो. झायलिटॉलही चालतं, पण घरात कुत्रा असेल तर ते आणूच नये, त्याच्यासाठी ते विष आहे. भरलेल्या बाटल्या गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारायची एक रीतही आहे. ती मी केलेली नाही. काचेच्या सुया पुठ्ठ्यातून बाहेर आलेल्या एकदा पाहिल्यावर वायू भरलेली बाटली गरम करायला माझा हात धजत नाही.

सध्या माझ्याकडे एकोणतीस बाटल्या आहेत. करंगळीएवढा पट्टा असलेली ती तपकिरी बाटली आता पाचव्यांदा भरली आहे. परवा एकीच्या कडेला नख अडकलं, म्हणून तिसावी भंगारात गेली. भावाने कालच नवीन पिशवी आणून ठेवली आहे, अकरा बाटल्या, सगळ्या विसळलेल्या, तोंडं गुळगुळीत. एकीत मात्र लिंबाची फोड आहे.